पेलार्गिरचे बंदर, लेबेनिनची शेते

पेलार्गिर हे बंदर गॉन्डोरच्या राज्यापेक्षा ९७० वर्षांनी जुने आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाला जोडलेल्या परिशिष्टांत कालपट दिला आहे. त्यात दुसऱ्या युगाच्या २३५० या वर्षापुढे एका ओळीत या बंदराच्या बांधणीची नोंद आहे. समुद्रापलीकडच्या न्यूमेनॉर बेटावर राजसत्ता उन्मत्त होत चालली होती आणि जुन्या श्रद्धेला धरून राहिलेले ‘निष्ठावंत’ मुख्य भूमीकडे ये-जा करू लागले होते. त्यांनी आंदुइन या महानदीच्या काठी, समुद्रापासून बऱ्याच आत, हे बंदर उभे केले. पुढे ३३१९ साली न्यूमेनॉर बुडाले. नऊ जहाजांतून माणसे वाचली. त्यांतली पाच जहाजे घेऊन इसिल्दुर आणि अनारिऑन हे भाऊ आंदुइनच्या मुखातून वर आले आणि ३३२० साली गॉन्डोरचे राज्य सुरू झाले. आधी बंदर, मग राजा, असा हा क्रम आहे.

गॉन्डोर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र मिनास तिरिथ उभे राहते. सात तटांचे पांढरे शहर, त्यावरचा मनोरा, समोरच्या मैदानात पसरलेले शत्रूचे सैन्य. हे चित्र भव्य आहे यात शंका नाही. पण डोंगराच्या कड्याला चिकटलेल्या त्या दगडी शहरात धान्य कुठून येत होते? हा प्रश्न स्कॉटलंडच्या कादंबरीकार नेओमी मिचिसन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातही डोकावला होता. सप्टेंबर १९५४ मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रात टॉल्किन यांनी सांगितले की आर्थिक बाजूचा विचार आपण केलाच नाही असे नाही. गॉन्डोरच्या प्रजेला पुरेल इतकी शेतजमीन आणि सरदारक्या त्या राज्याकडे आहेत, तिथून नदीने आणि रस्त्याने मालाची ने-आण होते, आणि कथेत फारसे उल्लेख नसले तरी तिथे उद्योगधंदेही पुष्कळ आहेत. म्हणजे लेखकाच्या मनात हा मुलूख पूर्ण वसलेला होता. त्याचा इतिहास पुस्तकाच्या पानोपानी विखुरला आहे. तो एकत्र मांडला की गॉन्डोरच्या भाग्याचे मोठे निकाल राजधानीच्या तटावर लागण्याआधी दक्षिणेच्या शिवारांत आणि पेलार्गिरच्या धक्क्यावर लागलेले दिसतात.

त्या मुलखाचे नाव लेबेनिन. उत्तरेला पांढऱ्या पर्वतांची रांग, पूर्वेला आंदुइन, दक्षिणेला त्याच नदीचा अनेक फाट्यांचा त्रिभुज प्रदेश, म्हणजे एथिर. पर्वतातून खळाळत उतरणाऱ्या पाच नद्यांवर या मुलखाची ओळख बेतलेली आहे. एरुई, सिरिथ, केलॉस, सेर्नी आणि गिलराइन ही त्यांची नावे. केलॉस सिरिथला मिळते आणि सिरिथ जिथे आंदुइनला मिळते तिथेच पेलार्गिर वसले आहे. डोंगरातून येणारे पाणी, गाळाची जमीन आणि गलबते आतवर आणणारी खोल नदी अशा तीन गोष्टी एका जागी जमल्यावर तिथे वस्ती दाट होणारच. ईशान्येला, डोंगराच्या कुशीत, लॉसार्नाखच्या फुलांच्या दऱ्या आहेत; पश्चिमेला समुद्राला टेकलेले बेलफालास आणि त्याची राजधानी डोल आमरॉथ.

हवामानाचा अंदाजही टॉल्किन यांनीच दिला आहे. १९६७ मधल्या एका पत्रात त्यांनी लिहिले की हॉबिट लोकांचा गाव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरला तर मिनास तिरिथ फ्लॉरेन्सच्या आणि पेलार्गिर प्राचीन ट्रॉयच्या अक्षांशावर येते. म्हणजे हा मुलूख भूमध्य सागराच्या काठासारखा, उबदार. आंदुइनच्या पलीकडच्या इथिलिएनचे वर्णन करताना त्यांनी ऑलिव्हची झाडे, मर्टल, थाइम आणि सेज अशी सुगंधी वनस्पतींची मोठी यादीच दिली आहे. राजधानीभोवतीच्या पेलेन्नॉरच्या मैदानात नांगरलेली शेते, फळबागा, धान्याची कोठारे, मेंढवाडे आणि गोठे आहेत. त्याच वर्णनात टॉल्किन एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातात. या मैदानात कायमचे राहणारे शेतकरी आणि गुराखी थोडेच होते. बाकीची वस्ती शहराच्या सात तटांत, लॉसार्नाखच्या दऱ्यांत, आणि त्याहून दक्षिणेला लेबेनिनमध्ये होती.

लेबेनिनचे लोक राजवंशासारखे उंच, गोरे नव्हते. त्यांच्यात ठेंगणी, सावळी माणसे पुष्कळ होती. राजे येण्याच्या फार आधी, डोंगरांच्या सावलीत राहिलेल्या आणि नाव हरवलेल्या लोकांचा अंश त्यांच्यात होता. जमीन त्यांची होती, राज्य वरून आलेल्यांचे होते. हा भेद पुढच्या घटनांमागे सतत आहे.

तिसऱ्या युगाच्या ८३० साली तारान्नॉन गादीवर आला आणि ‘जहाजी राजां’चा काळ सुरू झाला. असे चार राजे झाले. त्यांतला दुसरा राजा एआर्निल याने जुने पेलार्गिर दुरुस्त केले, मोठे आरमार बांधले आणि दक्षिणेच्या उंबार या नैसर्गिक बंदराला जमिनीवरून आणि समुद्रावरून वेढा घातला. ९३३ साली उंबार पडले, पण फार माणसे गमावून. तीनच वर्षांनी उंबारजवळच्या वादळात एआर्निल स्वतः अनेक जहाजांसह बुडाला. तिसरा राजा किर्यान्दिल १०१५ साली उंबारच्याच वेढ्यात मारला गेला. त्याच्या मुलाने पस्तीस वर्षे वाट पाहिली आणि १०५० साली हाराद देशाचा पुरता पराभव केला. त्याने ‘दक्षिणविजेता’ अशा अर्थाचे हार्मेन्दाकिल हे नाव घेतले आणि ११४९ पर्यंत राज्य केले. गॉन्डोरची सत्ता त्याच्या काळात होती तेवढी पुन्हा कधी झाली नाही. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत तर रत्ने म्हणजे पोरांचे खेळायचे खडे, असे लोक म्हणू लागले. ही श्रीमंती आली त्या वाटेवर पेलार्गिर हे मुख्य ठाणे होते.

पण याच वैभवात पुढच्या भांडणाचे बीज होते. आरमारावर वाढलेला किनाऱ्याचा सरदारवर्ग स्वतःला न्यूमेनॉरचा अस्सल वारस समजू लागला होता. जमिनीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली होती.

१४३२ साली राजा वालाकार वारला. त्याने उत्तरेच्या ऱ्होवानिऑनमधली विदुमावी ही राजकन्या केली होती. तिचा मुलगा एल्डाकार गादीचा हक्कदार; पण आईकडून ‘परका’. न्यूमेनॉरच्या रक्ताचा अभिमान असलेल्या सरदारांना हे मानवले नाही आणि गॉन्डोरमध्ये भाऊबंदकीचे युद्ध पेटले. बंडवाल्यांत सर्वांत बलवान होता कास्तामिर. तो राजघराण्यातलाच, शिवाय आरमाराचा दर्यासारंग. पेलार्गिर आणि उंबार ही दोन्ही मोठी बंदरे आणि सारा किनारा त्याच्या पाठीशी होता. त्या वेळची राजधानी ओसगिलिअथ पाच वर्षांनी, १४३७ साली, वेढ्यात जळाली. तिचा मोठा घुमट कोसळला, त्याच्यातला पालान्तिर, म्हणजे दूरचे दाखवणारा गोळा, नदीत गेला. एल्डाकार उत्तरेला निसटला. त्याचा मुलगा ओर्नेन्दिल पकडला गेला आणि कास्तामिरने त्याला ठार मारवले.

कास्तामिरने दहा वर्षे राज्य केले. त्याच्या क्रूरपणामुळे लोक दुरावलेच, पण परिशिष्टातला दुसरा शेरा जास्त बोलका आहे. त्याला जमिनीची पर्वा नव्हती; त्याच्या मनात फक्त जहाजे होती, आणि राजधानी पेलार्गिरला हलवण्याचा त्याचा बेत होता. वरवर पाहता हा बेत पेलार्गिरच्या भाग्याचा वाटेल. खरे तर त्यातच त्याचा घात होता. बंदराच्या मागे शेतकरी, गुराखी आणि डोंगरातले लाकूड आणणारी माणसे नसतील तर जहाज बांधायचे कशाने, खलाशांनी खायचे काय आणि वल्ही मारायची कोणी? कास्तामिरने किनाऱ्याची एक चिंधोटी हाती धरली आणि मागचा सगळा मुलूख सोडून दिला. १४४७ साली एल्डाकार उत्तरेचे सैन्य घेऊन परतला तेव्हा कालेनार्धॉन, अनोरिएन आणि इथिलिएन इथली माणसे झुंडीने त्याला येऊन मिळाली. किनाऱ्यापासून दूर असलेल्या शेतीच्या मुलखांनी दिलेला तो कौल होता.

लढाई झाली ती लेबेनिनमध्ये, एरुई नदीच्या उतारावर. दोन्ही बाजूंना गॉन्डोरचीच माणसे होती आणि राज्यातले उत्तमोत्तम रक्त तिथे सांडले. मुलाच्या खुनाचा सूड म्हणून एल्डाकारने कास्तामिरला स्वतःच्या हाताने मारले. युद्ध मात्र संपले नाही. कास्तामिरची मुले आणि आरमाराचे लोक पेलार्गिरमध्ये शिरून बसले आणि बराच काळ टिकले, कारण एल्डाकारकडे जहाजे नव्हती. जमिनीच्या बाजूने तो बंदराला वेढू शकत होता; नदीची बाजू उघडीच राहिली. १४४८ साली बंडवाल्यांनी मिळतील तेवढी माणसे आणि जहाजे घेऊन नांगर उचलला, ते उंबारला गेले आणि तिथे त्यांनी स्वतंत्र सत्ता मांडली. उंबारचे चाचे ते हेच. ज्याच्याकडे जहाजे होती त्याने जमीन गमावली, ज्याने जमीन जिंकली त्याच्याकडे जहाजे उरली नाहीत, आणि दोघांच्या मधे लेबेनिन सापडले.

त्याची किंमत शतकानुशतके दक्षिणेनेच मोजली. किनाऱ्यावरच्या गावांवर धाडी, समुद्रावरच्या व्यापाराला कायमचा धोका, धरून नेलेली माणसे. १६३४ साली चाच्यांनी पेलार्गिर लुटले आणि तिथे असलेल्या राजा मिनार्दिलला ठार मारले. धाड घालणारे आंगामाइते आणि सांगाहिआन्दो हे कास्तामिरचे पणतू होते. ज्या बंदरातून त्यांचे पूर्वज पळाले तिथेच ते दोन शतकांनी राजाचा जीव घ्यायला परतले. दोनच वर्षांनी महामारी आली. राजा तेलेम्नार आणि त्याची सगळी मुले दगावली. १६४० साली राजधानी मिनास अनोरला, म्हणजे पुढच्या मिनास तिरिथला, हलली. १८१० साली तेलुमेहतार राजाने उंबार घेतले, कास्तामिरचा वंश त्या लढायांत संपला. पण ते ठाणे थोड्याच काळात हारादच्या हाती गेले. चाच्यांचे रक्त बदलले, धंदा तोच राहिला.

या सगळ्यात पेलार्गिर मेले नाही, हे विशेष. १९७५ साली उत्तरेच्या आर्नोर राज्याच्या मदतीला राजपुत्र एआर्नुर आरमार घेऊन गेला तेव्हा लिंडनच्या एल्फ लोकांची बंदरे त्या जहाजांनी भरून गेली, आणि तरीही ते गॉन्डोरच्या सगळ्या बळाचा एक छोटा भागच होते. फिरून फिरून उभे राहण्याचे बळ त्या किनाऱ्याला मागच्या शिवारांतून मिळत होते.

राजवंश संपून कारभारी राज्य पाहू लागल्यावरही उंबारचा धोका तसाच होता. २९८० साली, एक्थेलिऑन कारभाऱ्याच्या काळात, थोरोंगिल नावाच्या एका सरदाराने परवानगी मिळवून छोटे आरमार जमवले, रात्री अचानक उंबारवर झडप घातली, चाच्यांची बरीचशी जहाजे जाळली आणि धक्क्यावरच्या झुंजीत बंदराच्या सरदाराला स्वतः लोळवले. जहाजे पेलार्गिरला परतली. तिथे लोक त्याला मिनास तिरिथला मिरवत नेण्याच्या तयारीत असताना तो निरोप घेऊन एकटाच निघून गेला. हा थोरोंगिल म्हणजे वेश बदलून राहिलेला आरागॉर्न, पुढे गॉन्डोरचा राजा होणारा. एकोणचाळीस वर्षांनी तो त्याच बंदरात परतणार होता, आणि तेव्हा त्याला तिथल्या पाण्याची, धक्क्यांची आणि उंबारच्या रीतीची जुनी ओळख होती.

आता ३०१९ सालचा मार्च महिना. नऊ तारखेला मिनास तिरिथच्या तटावर पिपिन हा हॉबिट आणि बेरेगॉन्ड हा पहारेकरी बसून न्याहारी करत आहेत. ब्रेड, लोणी, चीज आणि सफरचंदे. सफरचंदे हिवाळ्याच्या साठ्यातली शेवटची, सुरकुतलेली, पण आतून चांगली आणि गोड. युद्धाच्या तोंडावर शहर साठवणीवर आले आहे हे टॉल्किन एका सुरकुतलेल्या फळातून दाखवतात. त्याच गप्पांत बेरेगॉन्ड खरी वाईट बातमी सांगतो. उंबारचे मोठे आरमार आंदुइनच्या मुखाजवळ आले आहे. त्यामुळे लेबेनिन आणि बेलफालासमधून अपेक्षित असलेली बरीच कुमक तिकडेच अडकणार, आणि तिथली माणसे तर काटक आणि संख्येने भरपूर.

संध्याकाळी वेशीतून कुमक आत येऊ लागली तेव्हा शहराला त्याचा अर्थ कळला. लॉसार्नाखचा थोराड, म्हातारा फॉरलाँग दोनशे माणसे घेऊन आला. लोकांना त्याच्याकडून दसपट अपेक्षा होती. मोर्थॉन्डचे पाचशे तिरंदाज आले. एथिरच्या कोळ्यांपैकी जहाजांवरून मोकळे करता आले तेवढे शंभरेक जण आले. शेवटी डोल आमरॉथचा इम्राहिल आपले स्वार आणि सातशे पायदळ घेऊन आला. सगळे मिळून तीन हजारही भरले नाहीत. दक्षिणेकडे माणसे होती. पण मागे चाच्यांची जहाजे असताना घर, बायकापोरे आणि शेत सोडून कोण येणार? शत्रूच्या, म्हणजे मॉर्डोरच्या, योजनेतला हा सर्वांत हुशार डाव होता. शहराच्या तटाला हात लावण्याआधीच शत्रूने त्याला त्याच्या धान्यापासून आणि माणसांपासून तोडले होते.

आरागॉर्नने हा धोका दुसऱ्या एका पालान्तिरमध्ये पाहिला होता. दक्षिणेकडून येणारे संकट रोखले नाही तर दहा दिवसांत शहर पडेल, हे त्याने ओळखले. म्हणून तो सरळ मिनास तिरिथकडे न जाता मृतांच्या वाटेने पर्वत ओलांडून, शपथेने बांधलेल्या मृतांची सेना घेऊन दक्षिणेला उतरला. अकरा तारखेला तो गिलराइनवरच्या लिन्हिर गावी पोहोचला. तिथे लामेदॉन या मुलखाची माणसे उतारावर उंबार आणि हारादच्या सैन्याशी लढत होती. शापित मृतांची सेना पाहून दोन्ही बाजू पळाल्या. फक्त लामेदॉनचा आंगबोर जागचा हलला नाही. तेरा तारखेला आरागॉर्न पेलार्गिरला पोहोचला. तिथे चाच्यांची पन्नास मोठी जहाजे आणि अगणित लहान गलबते उभी होती. भुतांच्या भीतीने चाच्यांनी पाण्यात उड्या घेतल्या. वल्ह्यांना साखळदंडांनी बांधलेले गुलाम तेवढे मागे राहिले.

इथे कथा क्षणभर थांबते, आणि थांबायलाच हवे. आरागॉर्नने प्रत्येक मोठ्या जहाजावर आपला एकेक माणूस पाठवला आणि त्या गुलामांना धीर दिला. त्यांतले कितीतरी गॉन्डोरचेच होते, धाडींत किनाऱ्यावरून धरून नेलेले. मग त्याने मृतांना त्यांच्या शपथेतून मोकळे केले आणि ते नाहीसे झाले. यापुढचे काम जिवंत माणसांनी केले. त्या रात्री लेबेनिन आणि एथिरमधून माणसांची रीघ लागली, आंगबोर आपले स्वार घेऊन आला, जहाजे सज्ज झाली. सकाळी ती उत्तरेला निघाली. पेलार्गिरपासून राजधानीच्या हार्लॉन्ड धक्क्यापर्यंत बेचाळीस लीग, म्हणजे साधारण दोनशे किलोमीटर. तेही प्रवाहाच्या विरुद्ध. वल्ही आता स्वतंत्र माणसांच्या हातांत होती, ती जीव तोडून वल्हवत होती, तरी वेग मिळत नव्हता. मध्यरात्री एथिरच्या जाणत्या दर्यावर्दींनी दक्षिणेकडे पाहिले आणि समुद्रावरून वारा सुटणार असल्याचे सांगितले. वारा सुटला, शिडे भरली, आणि पंधरा तारखेला भरदिवसा जहाजे हार्लॉन्डला लागली. काळी शिडे पाहून शहराने आशा सोडली होती. तेवढ्यात पुढच्या जहाजावर पांढऱ्या वृक्षाचे निशाण उलगडले.

पीटर जॅक्सन यांच्या २००३ सालच्या चित्रपटात ही जहाजे येतात तेव्हा त्यांतून भुते उतरतात आणि क्षणात लढाई संपवतात. पडद्यावर ते थरारक दिसते, पण त्यात लेबेनिनवर मोठा अन्याय झाला आहे. पुस्तकात त्या जहाजांतून लेबेनिनची, लामेदॉनची आणि दक्षिणेच्या सरदारक्यांची माणसे उतरतात. साखळदंड नुकतेच तुटलेले वल्हेकरी, डोंगरातले स्वार, नदीकाठचे शेतकरी आणि कोळी यांनी पेलेन्नॉरची लढाई फिरवली. त्यांच्या आधी आलेला म्हातारा फॉरलाँग त्याच मैदानात घोड्यावरून पडून, एकटा घेरला जाऊन मेला. शिवाय आंगबोरच्या मागून आणखी चार हजार माणसे लॉसार्नाखच्या वाटेने पायी येत होती. ती येतील या भरवशावर शहर सोडून सात हजारांची फौज मॉर्डोरच्या दारापर्यंत नेण्याचे धाडस करता आले.

१४४८ साली तुटलेले बंदर आणि शिवार १५७१ वर्षांनी एका बाजूने लढले ते या मार्चमध्ये. पुढे आरागॉर्न एलेस्सार या नावाने राजा झाला आणि त्याच्या कारकिर्दीत उंबार अखेर पुरते ताब्यात आले.

ज्यांनी हे सगळे फक्त पडद्यावर पाहिले आहे त्यांनी तिसऱ्या खंडातले पेलेन्नॉरच्या लढाईनंतरचे ‘द लास्ट डिबेट’ हे प्रकरण काढावे. त्यात आरागॉर्नचे सोबती लेगोलस आणि गिम्ली पेलार्गिरची हकिकत सांगतात. नंतर परिशिष्टातला भाऊबंदकीचा भाग वाचावा आणि वाचताना नकाशाचा खालचा कोपरा समोर उघडा ठेवावा. पाचही नद्या तिथे सापडतात.